जावयाची एक ओळ

माझ्या आईसमोर ट्रॅक्टर थांबतो. हे मी कौतुकाने सांगत नाही, लहानपणापासून बघून बघून कंटाळले म्हणून सांगते. वणीजवळच्या आमच्या गावात द्राक्षबागेला नवं औषध मारायचं ठरलं, की पंप भरलेला असो, गडी खोळंबलेले असोत, मालनबाई पदर खोचून ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभी राहणार आणि म्हणणार, “आधी एक ओळ मारा.”

एकच ओळ, तीही बांधाकडची. मग चार दिवस ती रोज सकाळी त्या ओळीतून हिंडणार. पानं उलटीपालटी करून बघणार, कडा करपल्यात का, शेंडा मुरडलाय का. दुकानदार आईची शपथ घेऊ दे, नाहीतर कंपनीचा माणूस गळ्यात टाय बांधून येऊ दे, तिला फरक पडत नाही. पानं चांगली दिसली की मग तीनच शब्द, “घ्या बाग मारून.” या तीन शब्दांसाठी आधी माझे वडील ताटकळले, आता माझा भाऊ सहादू ताटकळतो. पण आमची बाग औषधाने कधी जळली नाही. शेजाऱ्यांची जळलेली मी स्वतः पाहिली आहे.

तर अशी ही बाई. वय ऐंशीच्या घरात, उंचीने माझ्या खांद्याला लागते, आवाज मात्र पलीकडच्या शिवारात ऐकू जातो. शिक्षण चौथी. नातवंडांनी तिला फोन घेऊन दिला तो भजनं ऐकायला. महिन्याभरात तिला शोध लागला की या डबड्याला तोंडाने विचारलं तरी ते उत्तर देतं, आणि भजनं मागे पडली. ती फोनशी बोलते तीसुद्धा नव्या सुनेशी बोलावं तशी. “बाई गं, वांग्यात अळी पडली, काय करू? आनि नीट सांग, घाई नको करू.” फोन सांगायचा, ती ऐकून घ्यायची, आणि वांग्याच्याही एकाच झाडावर ते करून बघायची.

एवढी पारखी बाई एकदाच चुकली, आणि ती माझ्या नवऱ्याच्या बाबतीत.

माझा नवरा धनराज सातपूरच्या एका कारखान्यात फिटर आहे. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. पन्नाशी ओलांडल्यावर त्याला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं, आणि धनराजने दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी मनावर घेतल्या. मनावर घेतलं नाही ते माझ्या आईने. “जावयाला साखर?” ती फोनवर ओरडली. “मंग सासूनं करायचं काय?”

तिचंही खरंच होतं. आमच्याकडे जावई जेवायला आला की त्याने पुरे म्हणायचं आणि सासूने ते ऐकायचं नाही, असा रिवाज आहे. त्यात तीन वर्षांनी एकदा अधिक महिना येतो, त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, दिवा लावलेल्या ताटात अनारशांचं नाहीतर बत्ताशांचं वाण द्यायचं आणि धोंडे जेवायला घालायचे. धोंडा म्हणजे कणकेच्या पारीत गच्च पुरण भरून उकडलेला गोळा, वर तुपाची धार. धनराजची आई तो लहान असताना गेली. त्यामुळे माझ्या आईच्या हातचं जेवण हा त्याचा फार हळवा कोपरा आहे. लग्न ठरवताना त्याने मला पाहिलं की तिची आमटी चाखली, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी अधिक श्रावण आला. आईने फोनला विचारलं, “जावयाला साखर हाय, धोंडे चालत्यात का?” आणि फोनने तिच्यापुढे आणून उभे केले गोडगुरुजी. पांढरा कुडता, मागे तुळशीची कुंडी, आवाज लोण्यासारखा. गुरुजी म्हणाले, गूळ ही साखर नाहीच माता, गूळ हे औषध आहे. चणाडाळ साखर शोषून घेते, तूप तिला चढू देत नाही, तेव्हा पुरण पोटभर खाऊ घाला. आणि हो, गोळ्या बंद करा, गोळ्यांनीच साखर वाढते. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला होता. खाली हजारो हात जोडलेले होते.

आईला आनंदाने रडू फुटलं. मी ओरडले, भांडले, पण माझं कोण ऐकतंय! धनराजलाही गुरुजी एकदम पटले, कारण मनात होतं तेच ते बोलत होते. त्या दिवशी त्याच्या पानात धोंड्यावर धोंडा पडला. निघताना आईने सेंद्रिय गुळाच्या लाडवांचा डबा दिला, आणि साहेबांनी गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. आठवडा उलटायच्या आत त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. तोंडाला कोरड, डोळ्यांपुढे धुकं, आणि साखर एवढी वर की डॉक्टर माझ्यावरच चिडले. जीव वाचला. सांगायला आज सोपं वाटतं, ती रात्र मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून काढली.

आई सकाळच्या एसटीने आली. वॉर्डाच्या दारात उभी राहिली, आत मात्र आली नाही. स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली, “ह्या हाताचं जावयाच्या पानात आता काय पडायचं नाय.” आणि आल्या पावली परत गेली.

आम्हाला वाटलं, महिनाभरात विसरेल. पण आमची आई ती! त्यानंतर आम्ही गावी गेलो की भावजय स्वयंपाक करायची, भावजय वाढायची, आणि आई अंगणात शेळ्यांना पाला टाकत बसायची. नाशिकला आमच्याकडे येणं तर तिने बंदच केलं. धनराज ओसरीवरून हाक मारायचा, “मामी, तुमच्या हातची एक भाकरी तरी द्या की!” ती ऐकूच आलं नाही असं करायची. तो तिला म्हणायचा, “अहो, मी काय कुकुलं बाळ आहे का? खाल्लं मी, गोळ्या सोडल्या मी.” काही उपयोग नव्हता. धनराज जेवताना अंगणाकडे पाठ करून बसायचा. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचं वाईटही वाटायचं.

पुढचा अधिक महिना येणार होता यंदाच्या ज्येष्ठात. त्याच्या पुढच्याला ती असेल की नसेल, कोणी सांगावं! हे आम्ही बोलत नव्हतो, पण सगळ्यांना कळत होतं.

गेल्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. बाग फुटलेली, ढगाळ हवा, आणि सहादूने कुठल्याशा व्हिडिओत भुरी रोगावरचा जालीम उपाय पाहिलेला. त्याने पंप भरला. मी भाऊबिजेला गेलेली होते, बांधावर उभी होते. आई नेहमीप्रमाणे ट्रॅक्टरपुढे आली आणि म्हणाली, “आधी एक ओळ...” आणि तिथेच थांबली. तोंड उघडं ते उघडंच. सहादूला वाटलं, हिला चक्कर आली. तो उडी मारून खाली उतरला. तिने त्याला बाजूला केलं आणि माझ्याकडे वळली.

“सुवर्णे,” ती म्हणाली, “वांग्याला मी एक झाड धरते. बागंला एक ओळ धरते. आनि जावयाला मी डायरेक्ट अख्खी बाग मारली गं!”

खरं तेच होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. काही सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. “जावयाची एक ओळ कशी धरायची, ते मला कोन सांगंल?” तिने विचारलं.

धनराज ज्या दवाखान्यात जातो तिथे आहार सांगायला पूजा मॅडम बसतात. तरुण आहेत, हसऱ्या आहेत. मी आईला तिथे नेलं. जावई बाहेर बाकावर आणि सासू आत, असा आमचा थाट. आईने त्यांना ट्रॅक्टरपासून गुरुजींपर्यंत सगळं सांगितलं. मॅडमनी मधे एकदाही तोडलं नाही. मग ड्रॉवरमधून साखर तपासायचं मशीन काढलं.

“आजी, ही तुमची पानं,” त्या म्हणाल्या. “जेवायच्या आधी एकदा बोट टोचायचं, जेवण सुरू केल्यावर दोन तासांनी पुन्हा. कडा करपल्या की नाही ते इथे दिसतं. फक्त माझ्या दोन अटी. डॉक्टरांच्या गोळीला हात लावायचा नाही. आणि जे करून बघाल ते थोडंसं, मला सांगून.”

“अन एकाला सोसलं म्हंजे दुसऱ्याला सोसतं का?” आईने विचारलं.

“नाही ना. मुरमाड रानातली ओळ काळ्या रानाला उपयोगी पडते का?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मॅडम आमच्या भाऊबंदांतल्याच निघाल्या. जाताना ती त्यांच्या गालावरून हात फिरवून, बोटं मोडून आली.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी सासूची प्रयोगशाळा म्हणायचे. पंधरा दिवसांतून एखादा रविवार आम्ही गावी जायचो. आई स्वतः चुलीला हात लावत नव्हती, तिची शपथ होती ना! ती भावजयीला सांगायची, अमुक एवढं टाक, तमुक काढ. मशीन देवघरात ठेवलेलं असायचं आणि त्याला तिने हळदीकुंकू लावलं होतं. मी म्हटलं, आई, कुंकू आत जाईल, बिघडेल. मग कुंकू मशीनच्या पिशवीला लागू लागलं.

गुरुजींचं एकेक वाक्य तिने त्या ओळीत उभं केलं. भातावर तूप ओतलं की साखर चढत नाही म्हणे. दोन घास भातावर तूप घालून पाहिलं, साखर चढायची तेवढी चढलीच. गुळाऐवजी खजूर चालतो म्हणे. खजुरानेही तेच केलं. बाजरीची भाकरी हवी तेवढी खा, हे सांगणाऱ्या ताई वेगळ्या होत्या. एक भाकरी धनराजला सोसली, दीड केली की आकडा रुसायचा. पण आधी काकडी आणि मेथीची भाजी, मग डाळ-उसळ, भाकरी सगळ्यात शेवटी, आणि जेवल्यावर बागेला एक चक्कर, असं केलं की मशीन शहाण्यासारखं वागायचं. हे एका व्हिडिओतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्या काही विकत नव्हत्या, आणि दर दोन वाक्यांनी म्हणत होत्या की तुमच्या डॉक्टरांना विचारा. आईला त्या आवडल्या. पूजा मॅडमनीही मान डोलावली.

“फोन खोटाच हाय असं नाय,” आई मला म्हणाली. “दुकानात बी चांगलं औषध असतंच की. पन जो म्हनतो कितीबी खा, तेच्यापासून लांब. जो गोळी सोडाया सांगतो, तेच्यापासून आनखी लांब. अन बोलून झाल्यावर जो डबा पुढं करतो, तेचं तोंड बी बघू नगं.” गोडगुरुजींच्या प्रत्येक व्हिडिओखाली चूर्णाचा डबा असतो, हे तिने तोवर हेरलं होतं.

हळूहळू आमच्या अंगणात बायका जमू लागल्या. कोणाला जांभळाच्या बियांचं विचारायचं असे, कोणाला कारल्याच्या रसाचं. “मालनबाई, आमची बी ओळ धरा की!” आई प्रत्येकीला आधी एकच प्रश्न विचारायची, “गोळी चालू हाय ना?” चालू नसेल तर तिला अंगणातून थेट तालुक्याच्या दवाखान्यात पिटाळायची. तीन वर्षं अंगणात मान खाली घालून पाला टाकणारी माझी आई पुन्हा शिवारभर ऐकू येऊ लागली. मला तेवढ्यानेही भरून आलं असतं. पण तिने अजून जावयाच्या पानात काही वाढलं नव्हतं.

ज्येष्ठ लागला, अधिकाचा. आईचा फोन आला. “रविवारी धोंडे हायेत. मी करनार हाय. जावयांना सांग, गोळी घेऊनच यायचं.”

धनराजने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. नुसता “हो मामी, हो मामी” करत राहिला.

रविवारी गावात बातमी आधीच पोचली होती. ओसरी भरलेली. पुढे चांगुणाकाकू, आमच्या भावकीतल्या वडीलधाऱ्या, मांडी ठोकून बसलेल्या. आईने धनराजचे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. मग तांब्याचं ताट आणलं. दिवा होता, सुपारी होती, नवा सदरा होता. अनारशांच्या जागी मात्र मशीनच्या पट्ट्यांची बंद डबी होती.

“अगं बया, वानात तेहतीस अनारसं लागत्यात,” काकू म्हणाल्या, “ह्या पट्ट्या तरी तेहतीस हायेत का?”

“जास्तच हायेत. पन डबी उघडून मोजायच्या नाय. हवा लागली की खराब होत्यात,” आई म्हणाली.

पान वाढायला ती स्वतः उठली. आधी काकडीची कोशिंबीर, मेथी, मटकीची उसळ, वाटीभर आमटी. भात नाही, पोळी नाही. धनराजने सगळं संपवलं, मग तिने झाकण काढून धोंडा वाढला. मोठ्या लिंबाएवढा. पारी पातळ, पुरणात डाळ भरपूर आणि गूळ चवीपुरता, वर चमचाभर तूप. एकच.

काकूंना राहवेना. “मालन, जावई हाय का चिमणं? तीन सालानं धोंडा घालतीस अन असला?” त्यांनी कमरेचा फोन काढला. “हे बघ, गुरुजींचा नवा व्हिडिओ हाय. तूप वाढवलं की...”

“काकू,” आई म्हणाली. “तुमच्या गुरुजींचं ऐकून मी ह्या मानसाला मरनाच्या दारात नेलता. गुरुजी दवाखान्यात आलते का बघाया? तेंच्या सासूला सांगा, तेंना घाल म्हनावं तूप वाढवून. माझा जावई मला पुढच्या धोंड्याला बी पाहिजे.”

काकूंनी फोन कमरेला परत खोवला. धनराजने धोंडा चार घासांत, डोळे मिटून खाल्ला. मग डोळे उघडले आणि हा बाबा काय म्हणतो? “मामी, अजून एक?”

“नाय!” आई पळी उगारून गरजली. माझ्या उभ्या आयुष्यात जावयाला नाही म्हणणारी सासू मी प्रथमच पाहिली. ओसरी हसून हसून लोळली, आणि काकूही हसल्या.

जेवल्यावर आईने धनराजला बागेत नेलं. दोघं ओळीओळीने चालत होती. ती पुढे, तो मागे. ती पानं उलटून बघत होती आणि बोलत होती, तो माना डोलावत होता. तीन वर्षांचं काय काय बोलली असेल कोण जाणे. मी मधे गेले नाही.

परत आल्यावर उरलेला वेळ काही सरेना. एकही बाई घरी गेली नाही. पूजा मॅडमचा दोनदा फोन येऊन गेला. वेळ झाली तशी आईने देवघरातून मशीन आणलं, माझ्या हातात दिलं आणि लांब दिसणाऱ्या देवीच्या गडाकडे तोंड करून उभी राहिली. “तूच वाच. मला बघवायचं नाय.”

मी बोट टोचलं, थेंब घेतला. मशीनने आकडा दाखवला. एकशे अडुसष्ट. मॅडमनी सांगितलेल्या हद्दीच्या आत. मी तो मोठ्याने वाचला. बायकांनी असा गलका केला की शेळ्या दावं ओढू लागल्या. सहादूने ट्रॅक्टरचा भोंगा वाजवला. चांगुणाकाकू पुढे सरून म्हणाल्या, “मालन, माझी बी साखर बघ गं एकदा.”

आई मात्र अजून गडाकडेच बघत होती. मग तिने हळूच वळून धनराजच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चार दिवसांनी ओळीतल्या पानाकडे बघते तसं, नीट, निरखून. पदराने डोळे पुसले.

“घ्या बाग मारून,” ती म्हणाली.

“म्हणजे दुसरा धोंडा?” धनराजने विचारलं.

“तो तीन सालानं,” आई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. “सुवर्णे, माझं लुगडं पिशवीत भर. मी येते तुमच्या संगं नाशिकला. उद्यापासून जावयाच्या डब्याची भाकरी मी करनार.”